उंचीचें मोल



लोणारच्या शाळेंत मी शिकवीत असतां अत्यंत ठेंगणा असा एक विद्यार्थी आमच्याकडे होता; गणितांत मोठा हुशार. परंतु संमेलनाचें नाटक आलें कीं वामनाची भूमिका आम्ही त्यालाच देत असूं. "तुला ती आवडते काय?" असें मीं त्यास एकदांहि विचारलें नाहीं. तो प्रमाद आज आठवण्याचें कारण असें कीं, गेल्या महिन्यांत एक गृहस्थ आपल्या तशाच ठेंगण्या, नऊ वर्षांच्या मुलास घेऊन आले व पुसूं लागले, "गुरुजी, याचे पाय लांब करण्याची शस्त्रक्रिया करावी काय?"

अशा ठेंगणेपणाचा सर्वांत अधिक आढळणारा प्रकार म्हणजे अकॉन्ड्रोप्लेझिया. एका जनुकांतील फरकामुळें हाडांची लांबीची वाढ खुंटते, हें १९९४ सालीं उमगलें. बुद्धीस त्यानें बाध येत नाहीं. बहुतेक अशा मुलांचे आईबाप सामान्य उंचीचेच असतात. यांत कोणाचें पाप नाहीं, कीं ग्रहणाचा दोष नाहीं.

या शस्त्रक्रियेची प्रचलित पद्धति सायबेरियांतील कुर्गान येथील डॉक्टर इलिझारोव्ह यांनीं विसाव्या शतकाच्या मध्यास घडविली. आपल्या शेजारीं अकोल्यास डॉक्टर मिलिंद चौधरी यांनीं याच पद्धतीचें केंद्र उभारलें. प्रथम हाड कापून पायाभोंवतीं धातूचीं कडीं तारांनीं बसवितात. कांहीं दिवसांनंतर रोज चार वेळां, दर खेपेस पाव मिलिमीटर, असे हाडाचे भाग दूर सारतात. मधल्या फटींत नवें हाड धरूं लागतें. पांच सेंटिमीटर वाढीस पन्नास दिवस पुरतात. परंतु तें हाड पक्कें होईपर्यंत कडीं कित्येक महिने वागवावीं लागतात. तारांच्या जागीं पू होणें, सांधे आखडणें, नसा ताणल्या जाणें, हे धोके आहेत. मांडी व नडगी दोन्ही वाढवावयाच्या तर बालपणाचा मोठा काळ त्यांत जातो. लाभहि खरा आहे: मोटारीची उंच पायरी चढतां येते, फळ्यापर्यंत हात पोंचतो. पाठीच्या कण्याचा त्रास मात्र यानें जात नाहीं.

मीं त्या गृहस्थांस उत्तर न देतां मुलालाच विचारलें. तो म्हणाला, "गुरुजी, बाकावर पाय लोंबकळून दुखतात. तेवढें आधीं करा. पायांचें मी मागाहून सांगतों."

बाकाखालीं फळी ठोकावयास सुतारास अर्धा तास लागला. दिव्यांगांच्या हक्कांविषयींच्या २०१६ सालच्या कायद्यांत ठेंगणेपणाचा समावेश आहे. तेव्हां अशी सोय म्हणजे कोणाचे उपकार नव्हेत. शस्त्रक्रियेचा विचार आईबापांनीं तज्ज्ञांच्या सल्ल्यानें अवश्य करावा. परंतु वेदना ज्यानें सोसावयाची, त्याचें मत प्रथम घ्यावें. चाळीस वर्षांपूर्वीं जें मीं केलें नाहीं, तें आपण करावें, एवढीच विनंति.