‘ब्र’ काढणाऱ्या दोन पहिल्या कादंबऱ्या

(कार्यकर्त्यांच्या शिबिरात केलेल्या भाषणाचा मजकूर)



पुस्तकांवर बोल म्हणून मला उभं केलंय खरं, पण मी काही समीक्षक नाही. दोन बायकांच्या पहिल्यावहिल्या कादंबऱ्या घेऊन आलेय, इतकंच.

एक ‘हिंदोळ्यावर’, १९३४ सालची. विभावरी शिरूरकर हे टोपणनाव. लिहिणाऱ्या बाळूताई खरे, म्हणजे पुढच्या मालती बेडेकर. आदल्याच वर्षी ‘कळ्यांचे निःश्वास’मधल्या कथांनी गदारोळ उडाला होता, तरी बाई गप्प बसल्या नाहीत. कादंबरीतल्या अचलाचा संसार मोडलेला आहे आणि ती लग्नाच्या चौकटीबाहेर विरागशी नातं जोडते. काही जातींत काडीमोडाची रूढी होती, पण अचलाच्या पांढरपेशा वर्गातल्या बाईला ती वाट नव्हती. मुंबई प्रांतात हिंदूंसाठी घटस्फोटाचा कायदा झाला १९४७ साली! भाषा जुनी वाटेल, चर्चा लांबतात. नेटानं वाचा.

दुसरी कविता महाजन यांची ‘ब्र’, २००५ सालची. ही मात्र स्वतःच्या नावानं लिहिलेली. नवऱ्याच्या घरातून बाहेर पडलेली प्रफुल्ला संस्थेच्या कामासाठी आदिवासी भागात हिंडते, पंचायतीत निवडून आलेल्या बायकांना भेटते. १९९३ पासून ७३व्या घटनादुरुस्तीनं एक तृतीयांश जागा मिळाल्या, तेव्हा आपण पेढे वाटले होते. खुर्चीवर बसल्यावर त्या बाईचं काय होतं, हे या पुस्तकात आहे. आणि आपल्यासारख्या संस्थांचं काय होतं, हेही आहे.

आमच्या गटात ‘ब्र’ वाचली तेव्हा भांडण झालं. एक जण म्हणाली, “विरोधकांच्या हाती कोलीत कशाला द्यायचं?” मलाही आधी तसंच वाटलं. मग आठवलं, आमच्या भागातल्या एका सरपंचबाईंसोबत मी सभांना जायची. कुणी प्रश्न विचारला की त्यांनी तोंड उघडायच्या आत उत्तर मी द्यायची. का, तर मला आकडे पाठ होते. त्यांचा नवरा हेच करायचा, तेव्हा आम्ही त्याच्यावर टीका करत होतो. त्या बाईंनी मला कधी बोलून दाखवलं नाही. नंतर त्यांनी सभांना बोलावणंच बंद केलं, आणि मी अहवालात लिहिलं, ‘प्रतिसाद कमी’.

आपण अहवाल लिहितो तेव्हा अनुदान देणारे डोळ्यांसमोर असतात. या दोघींनी लिहिताना तसं कुणाचं तोंड बघितलेलं नाही. अहवालात न मावणारं म्हणूनच इथे सापडतं.

‘ब्र’ची प्रत मी इथेच ठेवून जातेय. एकच आहे, तेव्हा महिन्याभरात पुढच्या गटाकडे पोचवा. समासात पेन्सिलीनं लिहिलेली भांडणं आमची आहेत. ती खोडू नका, खाली तुमची लिहा.