टपरीवरचं ज्ञान आणि आपली वस्ती



मी अर्थतज्ज्ञ नाही, पुण्यात सॉफ्टवेअर इंजिनिअर आहे. पण एक प्रश्न मला बरीच वर्षं छळतोय. काही भाग झपाट्याने पुढे जातात, काही तिथेच राहतात, असं का? रस्ते, वीज, भांडवल लागतंच. त्याशिवाय आणखी एक गोष्ट लागते, जिचं बिल कुणीच फाडत नाही: एकाकडचं ज्ञान दुसऱ्याकडे झिरपणं.

मी इचलकरंजीचा. तिथे 1904 साली विठ्ठलराव दातारांनी पहिला यंत्रमाग बसवला आणि पुढे गावभर माग झाले. माझे अब्बा जॉबर, म्हणजे माग दुरुस्त करणारे. पाळी संपली की जॉबर मंडळी टपरीवर जमायची. कुणाच्या मागावर धोटा उडत होता, कुणी तो कसा बसवला, हीच चर्चा. मालक एकमेकांचे स्पर्धक, पण हे ज्ञान कारखान्याची भिंत ओलांडून जायचं. एकाच धंद्यातले लोक जवळ राहिले की न शिकवता शिकतात, हे इंग्लंडचे अर्थशास्त्रज्ञ अल्फ्रेड मार्शल यांनी 1890 मध्येच मांडलं होतं. अब्बांना मार्शल माहीत नव्हते, पण टपरी माहीत होती.

आता अमेरिकेकडे बघा. 1957 मध्ये आठ तरुणांनी विल्यम शॉकली यांची प्रयोगशाळा सोडली आणि फेअरचाइल्ड सेमीकंडक्टर सुरू केली. त्यांच्यातल्याच नॉइस आणि मूर यांनी 1968 मध्ये इंटेल काढली. माणसं कंपन्या बदलत राहिली आणि डोक्यातलं ज्ञान सोबत नेत राहिली. 1975 मध्ये तिथे होमब्रू कॉम्प्युटर क्लब सुरू झाला. स्टीव्ह वॉझ्नियॅक यांनी आपल्या पहिल्या ॲपल संगणकाचे आराखडे तिथल्या सभासदांना फुकट वाटले.

त्याच काळात बोस्टनजवळच्या रूट 128 भागातही बड्या संगणक कंपन्या होत्या, नामांकित विद्यापीठं होती. तरी पुढे सिलिकॉन व्हॅली आघाडीवर गेली. ॲनाली सॅक्सेनियन यांनी 1994 च्या पुस्तकात त्याचं कारण मांडलं: बोस्टनच्या कंपन्या आपापल्या भिंतींच्या आत राहिल्या, व्हॅलीत कंपन्यांच्या सीमा ओलांडून बोलणं चालू होतं.

यात कायद्याचाही हात आहे. नोकरी सोडल्यावर स्पर्धकाकडे जायचं नाही, अशी अट कॅलिफोर्नियात 1872 पासून सहसा टिकत नाही. आपल्याकडच्या करार कायद्याचं कलम 27 सुद्धा 1872 चंच, आणि तेही जवळपास हेच सांगतं. त्यामुळे ऑफर लेटरमधली अशी अट वाचून लगेच घाबरू नका. मात्र कंपनीचा कोड किंवा गोपनीय कागद सोबत नेणं ही चोरीच. अनुभव आणि हुन्नर तुमचा, फाइल त्यांची.

आता माझी गोष्ट. पहिली नोकरी लागली तेव्हा ऑफिसजवळ खोली शोधत होतो. फोनवर सगळं ठरायचं आणि आडनाव सांगितलं की खोली ‘आत्ताच गेली’ असायची. शेवटी ऑफिसपासून दीड तासावर, आपल्याच लोकांच्या वस्तीत राहिलो. सव्वासहाची बस चुकली की हाल, म्हणून रोज मी घाईने निघायचो. बाकीचे खाली टपरीवर थांबायचे.

एकदा एक क्वेरी तीन दिवस मला छळत होती. त्या दिवशी बस चुकली आणि मी टपरीवर गेलो. एका सीनियरने कपातला चहा संपायच्या आत सांगितलं, ‘इंडेक्समधल्या कॉलमचा क्रम उलटा आहे तुझा.’ माझे तीन दिवस आणि त्याची दहा मिनिटं! घरी येताना हिशोब केला: रोज असं किती काय मी बसमध्ये बसून गमावतोय?

खोली नाकारण्याकडे आपण अपमान म्हणून बघतो, आणि तो आहेच. पण त्यात आर्थिक तोटाही आहे, आणि तो एकट्या माझा नाही. मला जे शिकता आलं नाही, ते कंपनीलाही मिळालं नाही आणि शहरालाही. भीतीमुळे आणि घरं नाकारली गेल्यामुळे मुस्लिम वेगळ्या वस्त्यांत एकवटतात, हे 2006 च्या सच्चर अहवालात नोंदलेलं आहे. आपल्या वस्तीतही ज्ञान झिरपतंच. गॅरेज, बेकरी, मोबाइल दुरुस्ती, सगळं पोरं बघून बघून शिकतात. पण झिरपणार तेच, जे तिथे आहे. डेटाबेसवाला राहतच नसेल, तर पोराच्या कानावर डेटाबेस कुठून पडणार?

घराच्या भेदभावाविरुद्ध लढावंच लागेल. तोवर आपल्या हातातलं करू. शहरात डेव्हलपर मंडळींच्या बैठका होतात, बऱ्याच ठिकाणी प्रवेश फुकट असतो. तिथे जा, मागच्या खुर्चीत बसलात तरी चालेल, पण चहाच्या वेळेला निघून येऊ नका. मुलींनो, तुम्हाला घरून उशिरापर्यंत परवानगी नसेल, तर दोघी-तिघी मिळून जा. आणि भावांनो, ही परवानगी मिळवून देणं तुमचंही काम आहे. शिकलेलं वस्तीत परत आणा. नोकरी लागली की वस्ती सोडून विसरून जाणारे आपल्यातही कमी नाहीत. त्यांत काही वर्षं मीही होतो.

आता दर रविवारी सकाळी मी आमच्या वस्तीतल्या अभ्यासिकेत बसतो. परवा बारावीच्या एका मुलीने मला असा प्रश्न विचारला, की उत्तर सोमवारी ऑफिसच्या टपरीवर विचारून आणावं लागलं. ते उत्तर येत्या रविवारी तिला द्यायचंय.