थरांनी घडलेले पोलाद

ओतकाम असो वा घडकाम, पोलाद हाती घेणाऱ्या कारागिराला आपल्या मालाचा स्वभाव पिढ्यानपिढ्यांच्या अनुभवाने ठाऊक असतो. परंतु त्रिमितीय मुद्रणात भागाचा आकार आणि त्याच्या धातूची सूक्ष्मरचना एकाच क्षणी जन्मास येत असल्यामुळे, भाग ‘३१६ एल’ जातीच्या स्टेनलेस पोलादाचा आहे, एवढ्या दाखल्यावर विसंबून चालत नाही.

आर्गॉन वायूने भरलेल्या पेटीत पोलादी भुकटीचा ३० ते ५० मायक्रोमीटरचा थर पसरतो, लेसर-किरण त्यावर रेघा ओढीत जातो, आणि त्याच्या मागे राहिलेले वितळलेले डबके दर सेकंदाला दहा लाख अंशांच्या आसपासच्या वेगाने थिजते. असा भाग कापून, घासून, आम्ल लावून सूक्ष्मदर्शकाखाली धरला, म्हणजे थिजलेल्या डबक्यांची कमानदार वळणे जुन्या घरावरील नळीच्या कौलांसारखी एकावर एक रचलेली दिसतात. आणि इलेक्ट्रॉन-सूक्ष्मदर्शकाने आणखी खोल पाहिले, तर एका मायक्रोमीटरहूनही लहान कप्प्यांचे मोहोळच दृष्टीस पडते. या कप्प्यांच्या भिंती स्फटिकातील घसरणीला अडवून धरतात. म्हणून तापवून मऊ केलेल्या पत्र्याकडून जेथे कायमचे वाकण्यापूर्वी किमान १७० मेगापास्कल ताण सोसण्याची अपेक्षा असते, तेथे नीट मुद्रित केलेला भाग ४५० किंवा त्याहूनही अधिक सोसतो, आणि तरीही ठिसूळ होत नाही. मला या गोष्टीचे आजही अपार कौतुक वाटते.

मात्र याच त्वरित थिजण्याने धातूच्या अंगात ताण कोंडून राहतो. एका कारखान्यात उष्णोपचारापूर्वीच वायरकट यंत्रावर, ज्यावर मुद्रण झाले त्या पाटापासून सोडविलेली लांब पट्टी माझ्या डोळ्यांदेखत धनुष्यासारखी वर उचलली गेली, आणि कित्येक तासांचे मुद्रण वाया गेले. म्हणून भाग पाटावर असतानाच ताणमुक्त करून घ्यावा; पण हजार अंशांच्या वर तापविल्यास ते मोहोळ विरते आणि मिळालेले बळही उतरते, हे ध्यानात ठेवून तापमान ठरवावे.

ताणानंतरची दुसरी खातरजमा दिशेची. दोन थर नीट सांधले नाहीत, तर मध्ये चपट्या पोकळ्या राहतात, आणि थरांना काटकोनात ओढ बसली की त्याच प्रथम उघडतात. तप्त वायूच्या प्रचंड दाबाखाली आतल्या पोकळ्या मिटविता येतात, पृष्ठभागावर उघडणाऱ्या मिटत नाहीत. आणि वारंवार हेलकावे खाणारा भाग बहुधा खडबडीत पृष्ठभागापासूनच तडकतो, तेव्हा तो यंत्रावर घासून गुळगुळीत करून घ्यावा.

कामाचा हुकूम देतानाच, त्याच पाटावर एक परीक्षणदंड उभा मुद्रित करण्याची अट लेखी घालावी. तो ओढून तोडावा, तुटलेले तोंड सूक्ष्मदर्शकाखाली पाहावे. तेथे खळग्यांत राजगिऱ्यासारखे गोल, न वितळलेले कण दिसले, तर त्या पाटावरील एकही भाग मंजूर करू नये.