आतड्याचा दाह : निदान आणि धीर

चंडीगडची पदव्युत्तर वैद्यकीय शिक्षण व संशोधन संस्था १९६२ साली स्थापन झाली. पंजाब, हरियाणा, हिमाचल प्रदेशातून तेथे येणाऱ्यांत पोटदुखी, ज्वर व अतिसार यांनी महिनोन्महिने खंगलेले रुग्णही असतात. दुर्बिणीने पाहिले असता कित्येकांच्या लहान व मोठ्या आतड्यांच्या सांध्याशी व्रण आढळतात. हा आतड्याचा क्षय, की क्रोनचा विकार, असा प्रश्न तेव्हा उभा राहतो.

न्यूयॉर्कच्या डॉ. क्रोन व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९३२ साली वर्णिलेल्या या दाहविकारात शरीराची संरक्षक यंत्रणाच आतड्यावर उलटते. तिला आवर घालणारी औषधे क्षयरोग्याला दिली, तर क्षय बळावतो. उलटपक्षी, क्रोनच्या रुग्णाला क्षयाचीच औषधे देत राहिल्यास मोलाचे महिने वाया जातात. आतडे आकुंचित होण्याचे भय वाढते.

आतड्याचा कण सूक्ष्मदर्शकाखाली तपासूनही उलगडा न झाल्यास बहुधा प्रथम क्षयाची औषधे देतात व सुमारे दोन महिन्यांनी आतडे पुन्हा पाहतात. रुग्णास बरे वाटले, एवढ्यावर विसंबता येत नाही. व्रण भरले की नाही, हाच खरा पुरावा. फेरतपासणी टाळणारा रुग्ण तोच पुरावा गमावतो.

क्षयाची चिकित्सा ठरल्या मुदतीत संपते. क्रोनची औषधे मात्र, प्रकृती ठीक असतानाही, वैद्याच्या सल्ल्यावाचून थांबवावयाची नसतात. आणि धूम्रपान तर कायमचेच सोडावयाचे असते.