एक चार्जिंग, एक बादली

ऐकता ऐकता जरा फोनची बॅटरी किती टक्के आहे ते बघा. आजची गोष्ट तिथूनच सुरू होते.

मी बोलतोय पौडहून. परवा रात्री लाईट गेली, फोन चार टक्क्यांवर. आजी म्हणाली, "धरण आपल्या उशाशी, आणि अंधारात बसायचं आपणच!" मी हसलो. पण लाईट आल्यावर हिशोब मांडायला बसलो.

पौडच्या पश्चिमेला मुळा नदीवर मुळशी धरण आहे. मुळा खरं तर पूर्वेला, पौडवरून पुण्याकडे वाहते. पण धरणाचं पाणी उलट, पश्चिमेला वळवलंय. बोगदा आणि मोठमोठ्या पाइपांमधून ते सुमारे 500 मीटर खाली, रायगड जिल्ह्यातल्या भिऱ्याला उतरतं. तिथे पाण्याची धार पेल्टन चाकाच्या वाट्यांवर आदळते, चाक फिरतं, त्याला जोडलेलं जनित्र फिरतं. वीज तयार! पुढे ट्रान्सफॉर्मर तिचा दाब वाढवतो, म्हणजे लांबच्या तारांमधून जाताना कमी वाया जाते. घरात ती 230 व्होल्टने येते आणि तुमचा चार्जर ती आणखी खाली आणतो.

आता हिशोब. 5000 एमएएचची बॅटरी पूर्ण भरायला, गळती धरून, साधारण 25 वॅट-तास लागतात. म्हणजे एका युनिटचा चाळिसावा भाग. एक लिटर पाणी 500 मीटर खाली पडलं की जेमतेम सव्वा वॅट-तास मिळतो. म्हणजे एका चार्जिंगला वीसेक लिटर. एक भरलेली बादली!

आपल्या प्लगमधली वीज भिऱ्याचीच असते असं नाही हं. ग्रिडमध्ये सगळी मिसळलेली असते, कोळशाचीही. हा फक्त अंदाज येण्यासाठीचा हिशोब.

पण ती बादली कुठे जाते? भिऱ्याहून कुंडलिकेत, मग समुद्रात. कोलाडला राफ्टिंग केलंय? ते याच सोडलेल्या पाण्यावर चालतं. पूर्वेला भीमेच्या खोऱ्यात मात्र उन्हाळ्यात टँकर फिरतात. म्हणून हे पाणी कुणाचं, हा वाद अजून मिटलेला नाही.

आणि वाद नवा नाही. धरण बांधलं ते मुंबईच्या विजेसाठी, टाटांच्या कंपनीने. त्यात मावळातली भातखाचरं आणि गावं बुडणार होती. 1921 मध्ये इथल्या शेतकऱ्यांनी सत्याग्रह केला, बायाबापड्याही उतरल्या. पांडुरंग महादेव बापट 'सेनापती' झाले ते याच लढ्यात. लढा हरला, धरण झालं. आजीचा 'आपलं' हा शब्द तिथून येतो, हे मला त्या रात्री कळलं.

मग काय, फोन वापरायचा नाही? वापरा की! फोन बिचारा फार खातच नाही. खरा खादाड बाथरूममध्ये बसलाय. गीझरमध्ये 15 लिटर पाणी 20 अंशांवरून 50 अंशांवर न्यायला अर्ध्या युनिटहून थोडी जास्त वीज लागते. म्हणजे एकवीस चार्जिंग. एक बादली गरम पाण्यासाठी घाटाखाली गेलेल्या एकवीस बादल्या!

मी आता गीझर आंघोळीआधी दहा मिनिटंच लावतो, दिवसभर चालू ठेवत नाही. आजी अजून बंबच पेटवते, ते वेगळं.

तुमच्या घरातल्या फ्रिजच्या किती बादल्या होतात? बिलावरचे युनिट बघा, दर युनिटला चाळीस बादल्या धरा, आणि मला कळवा. भेटू पुढच्या भागात!