वेंधळी नव्हे, आजारी
(महिला गटांच्या आरोग्य शिबिरात केलेले भाषण)



सुरुवात एका कबुलीने करते. काही वर्षांपूर्वी आमच्या बचत गटाच्या हिशेबात लागोपाठ तीनदा चूक निघाली. वही लिहिणाऱ्या ताईंना आम्ही भर बैठकीत विचारलं, "लक्ष कुठे असतं तुमचं?" त्या काहीच बोलल्या नाहीत. वही दुसरीकडे गेली आणि हळूहळू त्यांचं येणंही थांबलं. त्यांना आमवात आहे हे आम्हाला माहीत होतं, सुजलेली बोटं दिसत होती. पण त्या आजाराचा आणि चुकलेल्या बेरजेचा संबंध असेल, हे समाजकार्यात एम.ए. केलेल्या मलाही सुचलं नाही.

संबंध असू शकतो. आमवात, म्हणजे डॉक्टर ज्याला ऱ्हुमॅटॉइड आर्थ्रायटिस म्हणतात तो, नुसता सांध्यांचा आजार नाही. शरीराची संरक्षणव्यवस्था आपल्याच शरीरावर उलटते आणि दाहाचा परिणाम सगळीकडे होतो. पुरुषांपेक्षा बायकांना तो दोन ते तीन पट जास्त होतो. २०१२ साली कॅलिफोर्नियातल्या संशोधकांनी अशा ११५ रुग्णांच्या स्मरण, लक्ष, आखणी यांच्या बारा चाचण्या घेतल्याचं प्रसिद्ध झालं. ३१ टक्के जणांत अडचण आढळली. शिक्षण आणि उत्पन्न कमी असलेल्यांत, तसंच स्टिरॉइडच्या गोळ्या घेणाऱ्यांत ती जास्त दिसली.

कारण एकच नसतं. दाह असतो, रात्रभर ठणका लागल्याने झोप नसते, अंगात रक्त कमी असतं, मन उदास असतं. त्यात सकाळी तासभर मूठ वळत नाही, तरी डबे वेळेवर हवे असतात. मग दूध उतू जातं, शब्द ओठावर येऊन अडतो, आणि घर म्हणतं, "नाटकं करते." काही दिवसांनी बाई स्वतःच म्हणू लागते, "मीच वेंधळी."

या शिक्क्याचे धोके खरे आहेत. या आजारावरची मेथोट्रेक्सेटची गोळी आठवड्यातून एकदाच घ्यायची असते. विसरून ती रोज घेतली गेली तर जिवावर बेतू शकतं. म्हणून वार ठरवून तो कॅलेंडरवर मोठ्या अक्षरात लिहा आणि घरातल्या आणखी एकाला सांगून ठेवा.

दुसरा धोका कोर्टातला. हिंदू विवाह कायदा, १९५५ च्या कलम १३ मध्ये मनोविकार हे घटस्फोटाचं एक कारण आहे. "हिला काही आठवत नाही, डोकं ठिकाणावर नाही," असं म्हणत बाईला माहेरी धाडणाऱ्यांना आपण ओळखतो. पण आमवातातलं विसरणं म्हणजे वेड नव्हे. कायद्यालाही नुसतं विसरणं पुरत नाही. जोडीदाराने एकत्र राहावं अशी रास्त अपेक्षाच करता येऊ नये, इतका तो विकार असावा लागतो. आपल्याकडे अशी केस आली तर हे ठामपणे मांडायला हवं.

डॉक्टरांकडे जाताना बाईसोबत कुणीतरी जा. सांध्यांबरोबर विसरण्याबद्दलही सांगायला लावा. रक्त, थायरॉइड, झोप, उदासी यांची चौकशी करायला सांगा, कारण यातल्या बऱ्याच गोष्टींवर उपाय आहेत. औषध मात्र मनाने बंद करू नका. दाह आटोक्यात ठेवणं हाच मुख्य उपचार आहे.

आणि आपल्या गटात? बैठक सकाळी लवकर नको. एका वेळी एकच विषय घ्या. ठरलेलं कागदावर द्या. हिशेब दोघींनी मिळून करा. यात उपकार कसले? पायाने अधू मैत्रिणीसाठी आपण तळमजल्यावर बैठक घेतोच ना?

त्या ताईंकडे मी गेले होते, माफी मागायला. त्या म्हणाल्या, "तुम्ही विचारलंत ते बरोबरच होतं. फक्त सगळ्यांसमोर नको होतं, आणि उत्तर ऐकायला थोडं थांबायला हवं होतं." आता त्या पुन्हा येतात. वही दोघींकडे असते. एक लिहिते, दुसरी तपासते.

एखादी मैत्रीण "मला सुचत नाही" असं म्हणाली, तर आधी तिच्यावर विश्वास ठेवूया. उपचार त्यानंतर सुरू होतात.