नवा शिपाई आणि त्याचे सेवानियम



वसंतातल्या या व्याख्यानांत साहित्य, संगीत, प्रवास, तत्त्वज्ञान असे विषय ऐकण्याची आपल्याला सवय आहे. त्या मानाने आजचा विषय रुक्ष आहे. पोलीस दलात नुकत्याच दाखल झालेल्या आणि अद्याप प्रशिक्षण घेत असलेल्या तरुण शिपायाच्या नोकरीचे नियम, हा तो विषय. नियमांचे नाव काढताच श्रोत्यांचे डोळे घड्याळाकडे वळतात, हे आम्ही जाणून आहोत. तरीही आम्ही हा विषय घेतला, कारण ठाणे, कल्याण, डोंबिवली या पट्ट्यात ज्याच्या नात्यागोत्यात किंवा शेजारीपाजारी भरतीची तयारी करणारे एकही मूल नाही, असे घर विरळाच. पहाटेची गाडी गाठायला निघालेल्या माणसाला रस्त्याच्या कडेने धावणारी ही मुले रोज दिसतात. कोणी मुरबाडकडचा, कोणी शहापूरकडचा, कोणी इथल्याच चाळीतला. ठाण्याच्या साकेत मैदानावर उंची-छाती मोजून घेईपर्यंतचा त्यांचा प्रवास आपण पाहतो. निवड झाली की पेढे खातो. पुढे त्यांचे काय होते, हे मात्र आपण विचारीत नाही.

प्रथम हा नवा शिपाई कोण, ते पाहू. 'महाराष्ट्र पोलीस शिपाई (सेवाप्रवेश) नियम, २०११' या नियमांखाली त्याची भरती होते. तो बारावी उत्तीर्ण असावा लागतो. खुल्या वर्गासाठी वय १८ ते २८, मागासवर्गीयांसाठी ५ वर्षांची सवलत. पुरुषांची उंची निदान १६५ सेंटीमीटर हवी, छाती न फुगवता ७९ सेंटीमीटर हवी आणि ती ५ सेंटीमीटर फुगली पाहिजे. पुरुषांना १६०० मीटर व स्त्रियांना ८०० मीटर धावावे लागते. पुरुषांसाठी हे अंतर पूर्वी ५ किलोमीटर होते. २०१४ च्या जून महिन्यात मुंबईच्या भरतीत धावताना काही उमेदवार दगावले, तेव्हा ते ३ किलोमीटरवर आणले गेले आणि पुढे आणखी कमी झाले. नियम आकाशातून पडत नाहीत आणि दगडावरही कोरलेले नसतात. माणसे ते करतात आणि माणसेच ते सुधारतात, हे ध्यानात ठेवण्यासाठी एवढे उदाहरण पुरे. दुःख इतकेच, की ही सुधारणा होण्याआधी काही घरांतील मुले गेली.

निवड झाली, वैद्यकीय तपासणी झाली, चारित्र्य पडताळणी झाली, की आमचा हा तरुण 'नवप्रविष्ट पोलीस शिपाई' होतो. त्याला बक्कल नंबर मिळतो आणि त्याची रवानगी खंडाळा, जालना, अकोला, मरोळ, तुरची अशा एखाद्या प्रशिक्षण केंद्रात होते. मूलभूत प्रशिक्षण साधारणतः ९ महिन्यांचे. पहाटे शारीरिक शिक्षण, मग कवायत, मग कायद्याचे वर्ग, पुन्हा मैदान, रात्री हजेरी. अखेरीस दीक्षांत संचलन होते आणि आईबाप डोळे भरून पाहतात.

या ९ महिन्यांत तो विद्यार्थी असतो की नोकर? आमच्या मते सारा घोटाळा येथेच आहे. त्याला वर्ग आहे, परीक्षा आहे, वसतिगृह आहे. म्हणून घरचे त्याला विद्यार्थी समजतात. पण कायदा तसे समजत नाही. नेमणूक झाली त्या दिवसापासून तो शासनाचा सेवक आहे. शिपायाची वेतनश्रेणी सातव्या वेतन आयोगाप्रमाणे २१,७०० ते ६९,१०० रुपये आहे. शाळेतील मुलाला गुरुजींनी वर्गाबाहेर काढले, तर तो दुसऱ्या दिवशी पुन्हा वर्गात बसतो. नवप्रविष्ट शिपायाला केंद्राबाहेर काढले, तर त्याची नोकरी जाते, आणि घरी भरतीसाठी काढलेले कर्ज तसेच उरते.

आता त्याला बांधणारे नियम पाहू. मूळ कायदा १९५१ चा. तो मुंबई पोलीस अधिनियम म्हणून जन्माला आला आणि आज महाराष्ट्र पोलीस अधिनियम या नावाने ओळखला जातो. त्याच्या २८ व्या कलमाप्रमाणे रजेवर किंवा निलंबनाखाली नसलेला प्रत्येक पोलीस हा सदैव कामावर आहे असेच मानले जाते, आणि राज्याच्या एका भागातील पोलिसाला दुसऱ्या कोणत्याही भागात कामास पाठविता येते. २९ व्या कलमाप्रमाणे वरिष्ठांच्या लेखी परवानगीवाचून त्याला राजीनामाही देता येत नाही. कचेरीतील कारकून कंटाळून एक दिवस घरी बसू शकतो. शिपायाला ती सोय नाही. त्याखेरीज १९७९ चे वर्तणूक नियम आहेत, १९८१ चे रजेचे व वेतनाचे नियम आहेत. १ नोव्हेंबर २००५ रोजी किंवा त्यानंतर जो सेवेत आला, त्याला जुन्या पद्धतीचे निवृत्तिवेतन आपोआप मिळत नाही, हेही २० वर्षांच्या पोराला कोणी समजावून सांगत नाही.

सर्वांत मोठे बंधन घटनेतच आहे. घटनेच्या ३३ व्या अनुच्छेदाने संसदेला पोलिसांचे मूलभूत हक्क मर्यादित करण्याचा अधिकार दिला, आणि त्यानुसार १९६६ साली कायदा झाला. त्या कायद्याप्रमाणे पोलिसाला परवानगीवाचून कामगार संघटनेत जाता येत नाही आणि वृत्तपत्रांना मजकूर देता येत नाही. मोडल्यास दोन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. १८ ऑगस्ट १९८२ रोजी मुंबईत पोलिसांच्या असंतोषाचा जो उद्रेक झाला, तो ज्यांनी पाहिला त्यांना पोलिसांची संघटना हा केवढा नाजूक प्रश्न आहे हे सांगावयास नको. या बंधनाविरुद्ध आम्ही येथे गाऱ्हाणे मांडीत नाही. ज्याच्या हाती समाजाने काठी व बंदूक दिली, त्याला समाजाने काही बंधने घालणे योग्यच आहे. परंतु ज्याला आपले दुःख चारचौघांत बोलण्याची बंदी आहे, त्याच्या दुःखाची दाद घेण्याची वाट अधिक रुंद असली पाहिजे, हे ओघानेच आले.

ती वाट आहे का? आहे, पण ती ठाऊक असणारे थोडे. घटनेचा ३११ वा अनुच्छेद सांगतो की, ज्या दर्जाच्या अधिकाऱ्याने नेमणूक केली त्याच्याहून खालच्या अधिकाऱ्याला सेवकाला बडतर्फ करता येत नाही. आणि दोषारोप कळवून, चौकशी करून, बाजू मांडण्याची वाजवी संधी दिल्यावाचून बडतर्फीची शिक्षा होत नाही. याला अपवाद आहेत, पण ते अपवादच. ठाण्याहून नेमणूक झालेला शिपाई दूरच्या केंद्रात असला, म्हणून हे संरक्षण वाटेत गळून पडत नाही. ताकीद देण्यापासून बडतर्फ करण्यापर्यंतच्या शिक्षा, चौकशीची रीत आणि अपील यांसाठी १९५६ चे 'शिक्षा व अपिले' नियम आहेत. अपिलाचा निकाल प्रतिकूल लागला, तर महाराष्ट्र प्रशासकीय न्यायाधिकरणाकडे जाता येते. मुदत अंतिम हुकुमापासून एक वर्षाची. अपिलावर सहा महिने काहीच उत्तर आले नाही, तरीही तेथे जाता येते. पुष्कळ मुले ही मुदत रडण्यात आणि ओळखीचा पुढारी शोधण्यात घालवितात.

येथे एक खाचखळगा आहे. तरुण सेवक परिवीक्षेवर असेल, तर शासन त्याला 'सेवेस योग्य नाही' एवढे म्हणून साध्या हुकुमाने सेवामुक्त करू शकते. ही शिक्षा नव्हे, सबब चौकशी नको, असा युक्तिवाद होतो. आणि काही अंशी तो खराही आहे. ज्याला वर्षभर शिकवूनही जमले नाही, त्याला जन्मभर पोसावे असे कोणी म्हणणार नाही. पण साध्या हुकुमाच्या पदराखाली शिक्षा लपविली तर? १९७४ साली शमशेर सिंग खटल्यात सर्वोच्च न्यायालयाच्या सात न्यायाधीशांनी सांगितले की, हुकुमाचे शब्द पाहून थांबू नये, आत काय आहे ते पाहावे.

या तत्त्वाची कसोटी पुढे एका पोलीस प्रबोधिनीतच लागली. १९८१ च्या जूनमधील गोष्ट. हैदराबादच्या राष्ट्रीय पोलीस अकादमीत भारतीय पोलीस सेवेतील तरुण अधिकारी शिकत होते. पावसाची पहाट होती. व्यायामाच्या हजेरीला मुलांना उशीर झाला. चौकशीची नोटीस बऱ्याच जणांना गेली; पण एकाला म्होरक्या ठरविण्यात आले आणि काही महिन्यांनी त्यालाच सेवामुक्त करण्यात आले. हुकूम अगदी साधा, त्यात दोषाचा शब्दही नाही. १९८४ साली सर्वोच्च न्यायालयाने तो पडदा बाजूला सारला. हुकुमाचे खरे कारण ती पहाटेची घटनाच आहे, म्हणजे ही शिक्षाच होय, आणि रीतसर चौकशीवाचून ती देता येत नाही, असे ठरवून त्या तरुणाला पुन्हा सेवेत घेण्यास सांगितले. हा तरुण मोठ्या पदाचा उमेदवार होता. दिल्लीपर्यंत लढण्याचे बळ त्याला होते. आमच्या मुरबाडच्या पोराला हजेरीला वीस मिनिटे उशीर झाला, तर तो दिल्लीला जाणार आहे काय? म्हणून न्याय दिल्लीत मिळतो हे पुरेसे नाही. तो केंद्राच्या कचेरीत, पहिल्याच टेबलावर मिळाला पाहिजे.

दुसरी अडचण चारित्र्य पडताळणीची. त्या नमुन्यात एक रकाना असतो : आपल्यावर कधी गुन्हा दाखल झाला होता काय? आपल्या शहरांत गल्लीतील भांडणे, मोर्चे, उत्सवातील बाचाबाची यांत अठरा-वीस वर्षांच्या पोरांची नावे सहज गोवली जातात. पुढे समेट होतो, मूल निर्दोष सुटते, आणि भरतीच्या वेळी कोणीतरी शहाणा सल्ला देतो, "लिही 'नाही' म्हणून!" मित्रहो, हा सल्ला नोकरी खातो. २०११ साली दिल्ली पोलिसांच्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने तरुणपणाच्या चुकांकडे क्षमाशील दृष्टीने पाहावे असे म्हटले. २०१६ साली अवतार सिंग खटल्यात तीन न्यायाधीशांनी नियमच घालून दिले : माहिती खरी द्यावी, लपविल्यास शासन काढू शकते, मात्र लहान वयात घोषणा देण्यासारखे क्षुल्लक प्रकरण असेल, तर ते दुर्लक्षिण्याची मोकळीकही शासनाला आहे. तात्पर्य, खरे लिहिणाऱ्याची बाजू नेहमीच अधिक भक्कम. ज्याला उद्या दुसऱ्याचा जबाब घ्यायचा आहे, त्याने आपला पहिला जबाब खोटा देऊ नये.

आता मुलींविषयी. राज्याच्या पोलीस भरतीत स्त्रियांसाठी ३० टक्के जागा राखीव आहेत, आणि कल्याण-डोंबिवलीच्या मध्यमवर्गीय घरांतूनही मुली धीटपणे पुढे येत आहेत. त्यांच्या पालकांनी एक गोष्ट लिहून ठेवावी. कामाच्या ठिकाणी स्त्रियांच्या लैंगिक छळास प्रतिबंध करणाऱ्या २०१३ च्या कायद्यात 'कर्मचारी' या शब्दाच्या व्याख्येत परिवीक्षाधीन आणि प्रशिक्षणार्थी हे शब्द स्पष्टपणे घातले आहेत. "तू अजून शिकाऊ आहेस, तुला तक्रारीचा हक्क नाही," असे कोणी म्हणाले, तर ते बेकायदा आहे.

कोणी विचारील, इतकी कणव कशाला? पोलीस कणखर नको का? हवाच. मैदानावर रगडा मिळाला, घाम गाळला, तर कोणाचे बिघडत नाही. उलट त्याखेरीज शिपाई घडत नाही. पण कष्ट वेगळे आणि अपमान वेगळा. १९०२-०३ सालच्या फ्रेझर आयोगाने या देशातील पोलिसांचे दोष दाखविले, तेव्हा शिक्षणाचा अभाव हा त्यातील एक होता. आज शिक्षण आहे. प्रश्न इतकाच, की त्या ९ महिन्यांत तो काय शिकतो? वर्गात त्याला शिकवितात की, आरोपीला कारण सांगितल्यावाचून अटक करू नये, त्याचे म्हणणे ऐकावे. आणि त्याच दिवशी त्याचे स्वतःचे म्हणणे न ऐकता त्याला शिक्षा झाली, तर त्याने यातला कोणता धडा ध्यानात ठेवावा? पुस्तकातला विसरतो, अंगावरचा राहतो. पुढे डोंबिवलीच्या किंवा कल्याणच्या ठाण्यात तक्रार घेऊन आपण जाऊ, तेव्हा टेबलापलीकडे तोच बसलेला असेल. ज्याचे कधी कोणी ऐकून घेतले नाही, तो आपले ऐकून घेईल, ही आशा व्यर्थ आहे.

सुधारणा अशक्य नाहीत. २०१६ साली मुंबईत देवनार पोलीस ठाण्यात आठ तासांच्या पाळीचा प्रयोग सुरू झाला, तो एका शिपायाच्याच सूचनेवरून. आम्हांस तीन लहान गोष्टी सुचवाव्याशा वाटतात. नेमणुकीच्या दिवशी प्रत्येक नवप्रविष्टाच्या हाती त्याचे हक्क, कर्तव्ये, शिक्षा आणि अपिलाच्या मुदती सोप्या मराठीत सांगणारी पुस्तिका द्यावी. काढून टाकण्याचा हुकूम देण्यापूर्वी, तो साधा असो वा कसलाही, कारण लेखी कळवून त्याचे उत्तर घ्यावे. आणि प्रत्येक केंद्रातील तक्रार ऐकणाऱ्या समितीत केंद्राबाहेरचा एक तरी माणूस असावा. यातील एकाही गोष्टीला फार पैसा लागत नाही.

आणि आपले काम? भरतीच्या तयारीला मुलाला बूट घेऊन देतो, खुराक देतो. त्याबरोबर हे नियमही एकदा त्याच्यासोबत वाचा. धावायला शिकविणाऱ्या मास्तरांनी आठवड्यातून एक तास त्यासाठी द्यावा. आपल्या गल्लीतल्या मुलाला त्याचा कायदा ठाऊक असला, तर आपल्या कायद्याचाही तो मान ठेवील, एवढेच आम्हांस सांगायचे होते.